भिंतीबाहेरची मंडळी

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे कोणाच्या ना कोणाच्या मळ्यातून धूर निघायला लागतो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि त्यावर हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठमोठी वांगी भाजायची. तो धूर स्वेटरला लागतो, केसांना लागतो आणि दोन दिवस काही केल्या जात नाही. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये गॅसवर जाळी ठेवून मी दर हिवाळ्यात भरीत करते आणि दर हिवाळ्यात नवऱ्याला सांगते की हे काही खरं भरीत नव्हे. तो बिचारा छान झालंय म्हणत पोळीशी खातो. भाकरी सोडून भरीत पोळीशी खाणाऱ्या माणसाला पुढे काय समजावणार?

यंदा मी माहेरी आले ती मात्र भरितासाठी नाही. ‘सिंगल फेज’ जळगावात वाजवणार होते.

हे नाव ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात विहिरीवरची मोटर चालते ती थ्री फेजवर. ती कधी येणार नि कधी जाणार हे वीज मंडळाच्या मर्जीवर. सिंगल फेजवर मोटर चालत नाही, पण घरात निदान दिवा लागतो, पंखा फिरतो, दिवस निभतो. माझ्या कॉलेजच्या काळात चार पोरांनी एक रॉक बँड काढला आणि त्याला हे नाव दिलं. गाणारा भूषण चोपड्याकडचा, घरी केळीची शेती. बेस गिटारवाला, चष्मा लावणारा प्रशांत दीपनगरच्या वसाहतीतला, त्याचे वडील तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. उरलेले दोघे धुळ्याचे सख्खे भाऊ, एक ड्रमवर, एक गिटारवर, आणि स्टेजवरही एकमेकांशी भांडणारे. मराठी गायचे, हिंदी गायचे आणि मध्येच खास आपल्या खान्देशीत सुरू व्हायचे. आपण घरात जी भाषा बोलतो आणि कॉलेजच्या फाटकाशी आलो की जी गिळून टाकतो, ती भाषा गिटारवर, एवढ्या मोठ्या आवाजात, लाजेचं नावही न घेता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडूच आलं होतं. शेजारच्या मुलीला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

हिवाळा म्हणजे गॅदरिंगचा हंगाम. एका कॉलेजचं संपलं की दुसऱ्याचं लागायचं, आणि निम्म्या ठिकाणी तरी ‘सिंगल फेज’ असायचेच. कार्यक्रम संध्याकाळी. दिवसभर कोवळं ऊन, चारच्या पुढे अंगात शिरणारी थंडी, मैदानावर अंथरलेल्या सतरंज्या, मुलींची बाजू डावीकडे, मुलांची उजवीकडे, मध्ये दोरी. दोरीच्या पलीकडून कागदाचे बाण यायचे. आमच्याकडून उलट जायचे ते जास्त नेम धरून.

पण मला आठवतो तो हंगाम मैदानापेक्षा जास्त मैदानाच्या भिंतीचा आहे.

आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलींना कार्यक्रमाला जायची परवानगी एका अटीवर मिळायची. घरातलं कोणीतरी न्यायला यायला हवं. कोणाचे वडील, कोणाचा भाऊ, कोणाचे काका. त्यांनी आत यायचं नाही, कारण तो पोरांचा कार्यक्रम, आणि पायघड्या घालून बोलावलं तरी ते आले नसते. मग ही सगळी मंडळी कंपाउंडच्या भिंतीला गाड्या लावून बाहेर थांबायची. डोक्याला मफलर, अंगात बायकोने विणलेला स्वेटर, वरून शाल. थोड्या वेळाने कोणीतरी काटक्या गोळा करायचं, शेकोटी पेटायची. चहाची गाडी आपोआप तिथे येऊन उभी राहायची. आत आम्ही तीनशे-चारशे जणी नि जण, आणि बाहेर, भिंतीला पाठ लावून, हे दुसरे श्रोते. आपण श्रोते आहोत हे मरेपर्यंत कबूल न करणारे.

नाना, म्हणजे माझे वडील, त्यातलेच एक. तापीपलीकडून, चोपडा रस्त्यावरच्या आमच्या गावाहून, ते फटफटीवर मला घेऊन यायचे. भिंतीशी गाडी उभी करायची आणि एवढंच म्हणायचे, “संपनं का आठेच ये,” म्हणजे संपलं की इथेच ये. मग मी आत पळायचे. तीन तास त्यांचं काय होत असेल, हा विचार मला तेव्हा एकदाही शिवला नाही. त्या वयात तो शिवतही नसावा. आपल्यासाठी कोणी थांबलेलं असणं हे नळाला पाणी असण्याइतकं गृहीत असतं.

परतीच्या वाटेवर पुलावर तापीचा गार वारा लागायचा. मी मागे बसून अजून गुणगुणत असायचे. नाना कार्यक्रमाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. काढलाच तर, “आज थंडी जास्त शे,” किंवा “केयीले झाकन घालनं पडी.” थंडीने केळीचा कोंभ आखडतो, त्याची त्यांना काळजी. मला वाटायचं, या माणसाच्या कानात गाण्याचा एक सूरही शिरत नसेल.

बाहेरची मंडळी मात्र काही सगळीच नानांसारखी घुमी नव्हती. माझी मैत्रीण सुनंदा सोनगीरची. एकदा ‘सिंगल फेज’चा कार्यक्रम धुळ्याला होता, तर आदल्या दिवशी मी तिच्याकडे मुक्कामाला गेले, आणि अर्थात नानाही आले, एसटीने, मांडीवर भरताची वांगी भरलेली पिशवी घेऊन. सुनंदाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, तांब्या-पितळेची भांडी विकायचे. त्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की चारी बाजूंनी आपलाच चेहरा पसरट होऊन दिसायचा. धुळ्याच्या कार्यक्रमाला आबा आणि नाना दोघं मिळून भिंतीबाहेर थांबले. परत येताना जीपमध्ये आबा सहज म्हणाले, “तो चष्मावाला पोऱ्या चांगला वाजाडस हां.”

सुनंदा म्हणाली, “आबा, तुम्ही तर बाहेर व्हतात. चष्मा कसा दखाना?”

आबांनी खिडकीची काच वर केली आणि बाहेर सोनगीरच्या किल्ल्याच्या टेकडीकडे बघत राहिले. नाना हसू दाबत होते हे मी पाहिलं. पुढे सुनंदाने शोध लावला की भिंतीला लागून एक मोठा धोंडा होता आणि त्यावर पाळीपाळीने चढायची पद्धत होती. नाना चढले होते का, हे आबांनी शेवटपर्यंत फोडलं नाही.

आणि लाइट. ती तर त्या वर्षांमध्ये जाणारच. गाणं ऐन रंगात आलं की खटकन सगळं बंद. माईक मुका, गिटार मुकी, स्टेजवर अंधार. पहिल्यांदा झालं तेव्हा भूषण गोंधळला, पण ड्रमवाला थांबला नाही, कारण त्याला विजेची गरजच नव्हती. आम्ही टाळ्या धरल्या. भूषण स्टेजच्या कडेला येऊन उघड्या गळ्याने गायला लागला आणि आम्ही त्याच्या मागून. कोणीतरी अंधारातून ओरडलं, “प्रशांत, तुझ्या बापाला सांग ना, बटन दाब!” दीपनगरचा असल्याची शिक्षा प्रशांतने सगळा जन्म भोगली. जिथे वीज तयार होते तिथला मुलगा आणि त्याचीच गिटार बंद. तो हात जोडून उभा राहायचा आणि मैदान हसून लोळायचं.

मग ती रीतच झाली. लाइट गेली की गाणं सोडायचं नाही. टाळीवर धरून ठेवायचं, वीज येईपर्यंत. आली की गिटार आणि लोक एकाच जागी भेटले पाहिजेत. भेटले नाहीत तर नामुष्की आमची. मोठ्या शहरांत मी पुढे मोठमोठे कार्यक्रम पाहिले, प्रकाशाचे झोत, धूर, पडदे, सगळं. पण वीज आल्याक्षणी गिटार आपल्याच टाळीवर येऊन बरोबर बसते, त्या वेळी जे वाटतं ते मला पुन्हा कुठे वाटलं नाही.

यातूनच त्यांचं ते गाणं आलं. दर वेळी शेवटी म्हणायचे. कधी रेकॉर्ड केलं नाही, कारण मधला अर्धा भाग लोकांनीच म्हणायचा असायचा. ‘उनी’ म्हणजे आली. भूषण विचारायचा,

“लाइट उनी का वो माय, लाइट उनी का?”

आम्ही सगळे, “नही उनी, नही उनी!”

“इहिरमा पानी शे, मोटर मुकी का?”

पुढचं कडवं लांबलचक होतं. त्यात रात्रपाळीने केळीला पाणी भरणारा बाप होता, बॅटरी होती, आणि बांधावर वाट पाहणारं कुणीतरी होतं. शब्द मला आता नीट आठवत नाहीत. किती वेळा स्वयंपाकघरात उभी राहून मी ते जुळवायला बघितले. चाल येते, टाळी येते, आणि मध्ये शब्दांच्या जागी नुसता हुंकार भरावा लागतो. त्या गाण्याशिवाय मी त्या गावची राहिलेच नाही असं कधी कधी वाटतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

शेवटच्या वर्षी जळगावच्या एका कार्यक्रमात हे गाणं चालू असतानाच लाइट गेली. खरोखरीची. सगळीकडे काळोख. भूषण ओरडला, “लाइट उनी का?” आम्ही जीव तोडून म्हटलं, “नही उनी!” आणि तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून, शेकोटीच्या बाजूने, जाड, थंडीने बसलेल्या आवाजात तेच उत्तर आलं. नही उनी. पन्नासेक बाप्यांचं. मग भूषणने आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि पुढचं कडवं त्यांना म्हणून दाखवलं. तिकडून टाळी येत राहिली, आमच्यापेक्षा संथ, पण पक्की. वीज कधी आली ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी पुलावरून जाताना मी धीर करून विचारलं, “नाना, तुम्ही म्हटलं का?”

“काय?”

“नही उनी.”

“गाडी चालाडू दे,” ते म्हणाले.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी बंगळूरला गेले. दोन वर्षांनी सुनंदाने फोनवर सांगितलं की ‘सिंगल फेज’ बंद पडलं. प्रशांतला कुठेतरी नोकरी लागली, धुळ्याचे भाऊ एकदाचे कायमचे भांडले, भूषणने चोपड्याला बियाण्यांचं दुकान टाकलं. मी फोन ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले. कोणी वारलेलं नव्हतं, तर रडायचं कशाला, असं स्वतःला समजावलं.

मधली वर्षं गेली. गावी यायचे ती मेमध्ये, मुलीच्या सुटीत, म्हणजे हिवाळा कायमचाच हुकला. आई गेली. ती गेल्यापासून नाना फार कुठे जात नाहीत. मळा आणि घर, घर आणि मळा. तिथेही आता दादा सगळं बघतो, नाना नुसते बांधावर बसतात. मी रविवारी फोन करते. “काय चाललंय?” “चालू शे.” “जेवलात?” “जेवनू.” मग ते विचारतात, “तठे थंडी शे का?” बंगळूरला थंडी नसते हे त्यांना ठाऊक आहे. मी म्हणते, “थोडी आहे.” मग आम्ही फोन ठेवतो.

आणि यंदा सुनंदाचा निरोप आला. भावांचं जमलं, भूषणचा गळा अजून शाबूत आहे, एकदाच सगळे एकत्र येऊन जळगावात वाजवणार आहेत. मी त्याच दिवशी तिकीट काढलं. नवऱ्याला वाटलं, मी बँडसाठी चालले आहे. ते खरंच होतं, पण पुरतं नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, नानांना आत न्यायचं होतं. भिंतीच्या एकाच बाजूला त्यांनी आणि मी शेजारी शेजारी बसून ते गाणं ऐकायचं होतं. नाना ऐंशीकडे झुकले आहेत, मी वर्षातून एकदा येते. अशा गोष्टींचा हिशेब मांडू नये म्हणतात, पण विमानात खिडकीशी बसलं की मन तो मांडतंच.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मळ्यात भरीत झालं. वहिनी लाकडी उखळीत भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण ठेचत होती. मी विषय काढला. नानांनी ताटातला कांदा बाजूला सारला आणि म्हणाले, “मी काय करसू तठे? तुम्हीच जा.”

“तुम्ही माझ्याबरोबर इतकी वर्षं आलात.”

“ते लेवाले येत व्हतू. ऐकाले नही.”

वहिनी वर न बघताच म्हणाली, “नाना, पोर इतली दूरथून उनी. तुम्ही तिले एक डाव नही म्हनतस, ती उद्या तुम्हले पन्नास डाव फोन करी. त्यापेक्षा जाई या.”

नानांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, “गाडी कोन चालाडी?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून चप्पल उलटी घालते. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच तयार होऊन ओट्यावर बसले होते, धुतलेलं धोतर, आईने विणलेला राखाडी स्वेटर, गळ्याला मफलर. कार्यक्रम संध्याकाळचा होता.

पुलावर मी काच खाली केली. तापीत पाणी कमी होतं, वाळूत कलिंगडाचे वेल लावायची तयारी दिसत होती. नाना म्हणाले, “काच वर कर, सर्दी व्हई.” कोणाला होईल ते सांगितलं नाही.

कॉलेजचं ते मैदान ओळखू येईना. फाटकावर मनगटाला कागदी पट्टी बांधत होते. नानांच्या मनगटाला पट्टी लावणारी मुलगी म्हणाली, “आजोबा, तुम्हीपण फॅन?” नाना म्हणाले, “नै, मी शेतकरी.” ती इतकी गोड हसली की मला तिला मिठी मारावीशी वाटली. आत खुर्च्या, पडदे, खाण्याचे ठेले. मुली स्कूटरवरून दोघी-तिघी येत होत्या, ओरडत, एकमेकींचे फोटो काढत. दोरी नव्हती. भिंतीबाहेर कोणी थांबलेलं नव्हतं. मी ते मुद्दाम बघून घेतलं. आणि बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. कुठल्याही बापाने मुलीच्या एका संध्याकाळसाठी थंडीत तीन तास काढू नयेत. हे मला पुरेपूर पटतं. तरीही ती रिकामी भिंत पाहून चुकल्यासारखं वाटलं, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

ते स्टेजवर आले. भूषणला पोट सुटलंय, डोकं मोकळं झालंय. प्रशांतचा चष्मा जाड झालाय. धुळ्याच्या भावांनी एकसारखे शर्ट घातले होते, म्हणजे खरंच जमलं असावं. पहिला सूर निघाला आणि मी खुर्चीत बसूच शकले नाही. शेजारी कॉलेजच्या मुली होत्या, त्यांना सगळी गाणी पाठ. ही कुठून शिकल्या, म्हणून मला मत्सर वाटला. मग मीही त्यांच्यासारखीच ओरडायला लागले. गळ्यातला तो आवाज माझाच होता आणि किती वर्षांनी मला भेटत होता.

तिसऱ्या गाण्याला माझं लक्ष नानांकडे गेलं. त्यांनी मफलर दोन्ही कानांवर दाबून धरला होता. डोळे मिटलेले. समोरचा स्पीकर माणसाच्या दुप्पट उंचीचा, त्यातून निघणारा प्रत्येक ठोका त्यांच्या स्वेटरवर आपटत होता. मी वाकून विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानेच सांगितलं, बस, बस. पुढचं गाणं संपायच्या आत ते उठले. वाटलं, जरा मोकळे होऊन येतील. खुर्ची रिकामीच राहिली.

मी आणखी एक गाणं थांबले. खरं सांगायचं तर थांबावंसं वाटलं म्हणून थांबले. मग फाटकाकडे निघाले. आत येताना जे स्वप्न बरोबर आणलं होतं ते सगळं पायात लोळत होतं. एवढ्या लांबून आले, एवढा हट्ट केला, आणि म्हाताऱ्या माणसाचे कान दुखवले. दुसरं काय केलं मी?

बाहेर रस्ता शांत होता. चहाची एक गाडी होती, तिचा स्टोव्ह फरफरत होता. नाना भिंतीला पाठ टेकून खालच्या कठड्यावर बसले होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, मफलर आता नुसता खांद्यावर, हातात चहाचा कप. कान उघडे.

“नाना, चला, घरी जाऊ.”

“घर कसाले?” त्यांनी मला खालून वर पाहिलं. “आते तर चांगलं सुरू व्हयनं. तू काबर उनी? जा, मझार बठ.” त्यांनी आत बोट दाखवलं.

“तुम्हाला त्रास होतोय.”

“मझार नुसता धडाका शे. छातीवर बठस, कानमा काहीच नही. आठे बठ्ठं ऐकू येस.” त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. “शब्द बी.”

मी तिथेच बसले. कठडा गार होता. आणि खरंच, भिंतीतून गाळून आलेलं ते गाणं वेगळंच होतं. ठोका मऊ झालेला, गिटार लांब गेलेली, आणि भूषणचा आवाज मध्ये स्वच्छ, एकटा. मी इतके हिवाळे आत बसून ऐकलं आणि हे कधी ऐकलंच नव्हतं. चहावाल्याने मला न विचारताच कप दिला. आतून हशा आला, टाळ्या आल्या. कोणीतरी जुनी आरोळी ठोकली असणार, कारण प्रशांत माईकवर म्हणाला, “बाप रिटायर झाला, आता बटन माझ्याकडेपण नाही.”

शेवटचं गाणं सुरू झालं. मध्यावर भिंतीवरचा उजेड एकदम विझला. आत त्यांनी मुद्दामच सगळे दिवे घालवले होते, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. भिंतीवरून शेकडो मोबाइलचा पांढुरका उजेड वर आला. भूषणने विचारलं, “लाइट उनी का?”

आतून गर्जना झाली. आणि माझ्या शेजारी, चहाच्या कपात बघत, अगदी हळू, नाना म्हणाले, “नही उनी.”

पुढचं कडवं आलं, ते लांबलचक, ज्याचे शब्द माझ्याकडून हरवले होते. नानांचे ओठ हलत होते. एकही शब्द अडला नाही. बॅटरी, पाण्याचं दारं, केळीचे वाफे, बांधावर उभं राहून वाट पाहणारी ती, सगळं त्यांना पाठ होतं. बोटं कठड्यावर टाळी धरत होती, संथ आणि पक्की.

गाणं संपल्यावर मी विचारलं, “नाना, इतकं पाठ कसं? ते लांबलचक कडवं तर मलाही येत नाही आता.”

“ऐकी ऐकी येस.”

“पण आपण तरी किती वेळा आलो?”

नानांनी कप खाली ठेवला. गोष्ट फार महत्त्वाची नसावी अशा आवाजात म्हणाले, “तू गई, त्यानंतर बी मी दोन हिवाया येत व्हतू.”

मला आधी कळलंच नाही. “कुठे?”

“आठेच. भितजोडे.”

“कोणाला न्यायला?”

“कोनलेच नही. सवय पडी गयथी. जानुवारी लागना का हात गाडीवर जाये. तुनी माय म्हने, जा, जाई या.” आत लोक अजून टाळ्या वाजवत होते. “गाडी लायी दिऊ. ऐकी लेऊ. मंग बठ्ठ्या पोरी बाहेर येत, आपापला बापजोडे जात. त्यासमा तू नही रहे. मंग मी घर जाऊ.”

बाहेर येणाऱ्या त्या सगळ्या पोरींत मी नसायचे. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो चहाने ऊबदार झालेला होता.

मैदानाचं फाटक उघडलं. माणसं बाहेर यायला लागली, मुलींचे घोळके, हसणं, स्कूटरच्या किल्ल्या. नानांनी चपला घातल्या, उठून उभे राहिले आणि त्या गर्दीतल्या एकेका चेहऱ्याकडे बघू लागले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.